बावीस मजले आणि रजेवरचा माणूस

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी समुद्रकाठच्या बावीस मजली इमारतीची लिफ्ट बंद झाली. ती आपोआप बंद पडली नव्हती. एका लिफ्ट तपासनीसाने ती स्वतःच्या हाताने बंद केली, दारावर कागद चिकटवला आणि खाली सही ठोकली.

तपासनीस तिथे सुट्टीवर आला होता. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा आलिशान फ्लॅट, सोबत बायको आणि सासूबाई. अकरा वर्षांतली पहिली सुट्टी. बायकोची अट एकच होती: आठ दिवस एकाही लिफ्टमध्ये नाक खुपसायचं नाही. खुपसलं, तर पुन्हा ती त्याच्याबरोबर कुठेही येणार नव्हती.

पहिला दिवस त्याने मन मारून काढला. दुसऱ्या सकाळी बायकोला खालच्या पोहण्याच्या तलावावर सोडून तो सासूबाईंना आणायला वर गेला, तर लिफ्ट बाहेरच्या फरशीपेक्षा दोन बोटं वर थांबली. त्याने काणाडोळा केला. मग उगाच खात्री करावी म्हणून सात फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला चार बोटं.

"ब्रेक घसरतोय," त्याने मॅनेजरला सांगितलं.

"सोमवारी येईल मेकॅनिक. दुसरी लिफ्ट महिनाभर बंदच आहे, साहेब. ही एकच तर राहिलीय."

"आणि सोमवारपर्यंत कुणी आपटलं म्हणजे?"

"तुम्ही सुट्टीवर आलात ना? मग सुट्टी करा की!"

इथेच मॅनेजर चुकला.

साडेनऊला खाली लोकांची ही गर्दी. हातात छत्र्या, टॉवेल, हवा भरलेली एक मगर. बायको तलावातून निथळतच आली आणि सगळ्यांच्या पुढे झाली.

"कुठल्या रिकामटेकड्याने बंद केली? नाव सांगा, मी बघते त्याच्याकडे!"

मग तिची नजर कागदावर गेली. सहीवर थोडा वेळ थांबली. खांबाआडून नवरा हळूच पुढे आला.

"अगं, ब्रेक..."

"एक अक्षर बोलू नका. आई वर अडकलीय!"

तिने आईला फोन लावला. "आई, घाबरू नकोस हं."

"घाबरतेय कशाला? टबात आहे मी. बटण दाबलं की बुडबुडे येतात गं यात! सावकाश या."

बारा वाजता मेकॅनिक आला. दोन वाजता हात पुसत बाहेर पडला.

"साहेब, तुमचं बरोबर होतं. ब्रेकची पट्टी पार झिजली होती. आता झकास झालंय. फक्त चालू करायला तपासनीसाची सही हवी."

"आण इकडे."

"तुमची नाही चालायची. तुम्ही रजेवर."

"मग बंद करताना कशी चालली?"

"बंद काय, कुणीही करू शकतो."

बायको पायरीवर बसली होती. तिने कपाळाला हात लावला. तपासनीसाने खात्यातल्या थोरल्या साहेबांना फोन केला.

"त्यात काय एवढं!" साहेब म्हणाले. "रजा रद्द करा, आत्ताच्या आत्ता हजर व्हा, मारा सही. फक्त एक, कामावरच्या तपासनीसाला तपासलेल्या इमारतीत पाहुणा म्हणून राहता येत नाही. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. त्या परिपत्रकाचा मसुदा त्यानेच केला होता.

दोन वाजून वीस मिनिटांनी तो हजर झाला, पंचविसाव्या मिनिटाला सही झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या फेरीत बायको वर गेली, एकटीच. थोड्या वेळाने लिफ्ट खाली आली. आत माणूस नव्हता, त्याची बॅग होती. शर्टांच्या घड्या मात्र नीट घातलेल्या होत्या. तेवढ्यावरून काय समजायचं, हे त्याला कळेना.

संध्याकाळपासून तो खात्याच्या विश्रामगृहात आहे. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. उरलेल्या सहा दिवसांच्या रजेचा नवा अर्ज त्याने सहा वाजताच पाठवला, आणि तसं बायकोला कळवलंही. "मंजूर झाला की सांगा," एवढंच तिचं उत्तर.

सव्वासहाला कार्यालयातून कळलं की अर्ज मंजूर करणारे थोरले साहेब पाचलाच रजेवर गेले. दोघांपैकी एकाने कामावर असावं लागतं, म्हणून दोन दिवस अडकली होती बिचाऱ्यांची रजा. आज कुणीतरी कामावर हजर झालं, म्हणून सुटली.