बर्फाकडे पाठ

आमच्या गावच्या ‘लोहार’ या आइस हॉकी संघाला उंच बचावपटू हवे होते. यात गैर काही नाही. पण सोळा-सतराची पोरं पुरती वाढलेली नसतात, आणि ती वाढेपर्यंत थांबायला कुणाला सवड नसते. म्हणून आमच्या उराल पर्वताच्या मुलखात पूर्वापार एक रीत आहे: स्काउटनं, म्हणजे संघासाठी पोरं हेरणाऱ्यानं, आधी पोराचा खेळ बघावा आणि मग हळूच मान वळवून गॅलरीतल्या त्याच्या आईबापांकडे बघावं. बाप ताडमाड असेल, तर पोरगाही होईल.

मॉस्कोहून गेर्मान एदुआर्दोविच संचालक म्हणून आले आणि त्यांनी या रीतीतला अनावश्यक भाग काढून टाकला. म्हणजे खेळ बघणं.

“खेळ ही व्यक्तिसापेक्ष बाब आहे,” ते बैठकीत म्हणाले. “एकाला आवडतो, दुसऱ्याला नाही. आई ही वस्तुनिष्ठ बाब आहे.”

मी संघाच्या मैदानावरचा निवेदक. माइक माझ्या हातात असतो, मत नसतं. त्यामुळे लाउडस्पीकरवरून मीच जाहीर केलं की, सामना चालू असताना स्काउट मंडळींनी बर्फाकडे पाठ करून उभं राहावं, लक्ष विचलित होता कामा नये.

सगळ्यांनी पाठ केली. केली नाही ती एकट्या रोदिओन मात्वेयिचनं. हा आमचाच जुना बचावपटू. समोरून येणारी रबरी चकती अंगावर झेलण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, त्यात पुढचे दातही गेले. उंचीला बेताचाच. खेळणं संपल्यावर स्काउट झाला आणि थर्मासमधला चहा पीत गावोगावच्या बाकांवर कुडकुडत पोरं शोधू लागला. यंदा त्याला प्रोखोर सापडला होता.

“चकती कुठं जाणार ते चकतीच्या आधी या पोराला कळतं,” तो मला म्हणाला. “असला बचावपटू मी स्वतःसुद्धा नव्हतो, आणि हे मी उगाच कबूल करत नाही.”

पण प्रोखोरला वडील नव्हते. आई क्लावदिया पाइप कारखान्यात क्रेन चालवायची. क्रेनवर असली की सगळा कारखाना तिच्या पायाशी. खाली उतरली की ती रोदिओनच्या खांद्याला लागायची. वसंतातल्या निवडीत पोराचं नाव आलं नाही, तर त्यानं स्केट्स खुंटीला टांगून कारखान्याच्या भट्टीवर कामाला जायचं, असं घरात ठरलं होतं.

“खरं सांगा, रोदिओन मात्वेयिच,” तिनं विचारलं, “माझ्यामुळे अडलंय ना?”

“अहो क्लावदिया इग्नात्येव्ना, गाढवपणा त्यांचा आणि लाज तुम्हाला?”

एव्हाना गाव शहाणं झालं होतं. आया कळसासारख्या उंच फरटोप्या घालून येऊ लागल्या. टोप्या काढाव्यात, असं मी जाहीर केलं. मग बापांच्या जाड लोकरी नमद्याच्या बुटांत लाकडी ठोकळे निघाले. बूटही काढावेत, असं मी जाहीर केलं. कडाक्याच्या थंडीत अख्खी गॅलरी मोज्यांवर उभी राहून शिंकू लागली. तेवढ्यात संचालकांच्या लक्षात आलं, की एका पिढीवर भरवसा ठेवणं शास्त्रीय नाही. आजोबाही हजर करावेत. हयात नसल्यास त्यांचा ओव्हरकोट आणावा.

पुढच्या सामन्याला गॅलरीत डांबराच्या गोळ्यांचा वास कोंदला. एक आजी कोट छातीशी धरून पुढं आली. “लग्नात घालून आले होते हो हाच,” ती म्हणाली.

कारकुनानं टेप लावली. “आखूड आहे. आजोबा नापास.”

त्या दिवशी रोदिओननं हात टेकले आणि थेट सार्वजनिक स्नानगृहाची वाट धरली. तिथं त्याचा बचावफळीतला जुना जोडीदार साव्वा भट्टीत लाकडं घालायचा. साव्वा एवढा उंच, की स्वतःच्या घरातही वाकून शिरायचा.

“साव्वा, तुला बाप व्हायचंय.”

“अरे देवा! कुणाचा?”

“प्रोखोरचा. एका सामन्यापुरता.”

“त्याच्या आईला विचारलंस का, बाबा?”

“विचारलं. ती म्हणते, टोपी काढून बसा.”

साव्वा दाढी विंचरून आला, क्लावदियासाठी खारवलेल्या काकड्यांची बरणीही घेऊन आला. तो तिच्या शेजारी बसला आणि मागच्या तीन रांगांना बर्फ दिसेनासा झाला. कुणी तक्रार केली नाही. तसंही बर्फाकडे बघतो कोण! संचालक मात्र जागीच थबकले.

“हा बाप?”

“हाच,” रोदिओन डोळ्याची पापणीही न लववता म्हणाला. “पोरगा घेताय ना?”

“पोरगा एवढा व्हायला किती वर्षं लागतील?”

“चार-पाच.”

“आणि मध्येच वाढ थांबली तर? संघानं हा धोका का पत्करावा?” संचालकांचा चेहरा उजळला. “हा माणूस तर वाढून तयार आहे!”

“अहो, पन्नाशी उलटलीय त्याची! जिना चढताना धाप लागते!”

“धाप ही व्यक्तिसापेक्ष बाब आहे.”

साव्वाला बचावफळीत घेतलं. उरलेल्या जागा इतर बापांनी भरल्या. गोलरक्षक म्हणून एका दिवंगत आजोबांच्या ओव्हरकोटाचाही गंभीर विचार झाला, थोडक्यात हुकला. निवडलेली नावं मीच वाचली. क्लावदिया मोज्यांवर उभी राहून शेवटच्या नावापर्यंत ऐकत होती. मग तिनं बूट घातले आणि पोराच्या हातातले स्केट्स मागितले.

रोदिओननं ते स्केट्स मध्येच हिसकून घेतले. “गाडीत बस,” तो प्रोखोरला म्हणाला.

त्यानं पोराला डोंगरापलीकडच्या एका खाणवस्तीत नेलं. तिथल्या संघाकडे गॅलरी बांधायला पैसा नव्हता. गॅलरी नाही म्हणून पालक दिसत नाहीत, आणि पालक दिसत नाहीत म्हणून प्रशिक्षकाला नाइलाजानं खेळच बघावा लागतो. प्रोखोरला त्याच दिवशी घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात तो संघ आमच्याकडे खेळायला आला. आमचे बाप देखणे दिसत होते, जोवर उभे होते तोवर. प्रोखोर चकती अशी काढून घ्यायचा, जणू ती त्याचीच होती आणि विसरून राहिली होती. एकदा त्यानं साव्वाच्याच काठीखालून ती काढली. साव्वा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत ओरडला, “शाब्बास रे पठ्ठ्या!” आणि क्लावदिया गॅलरीत, बूट घालून, हमसून हमसून रडली.

संचालक पूर्ण वेळ बर्फाकडे पाठ करून उभे होते. “काय झालं?” त्यांनी मला विचारलं.

“सपाटून हरलो.”

“आणि सरासरी उंची?”

“आपलीच जास्त.”

“मग ठीक.”

बाहेर लोकांनी रोदिओनला घेरलं. कोण हो तो पोरगा? कुठून आणलात? उंची किती त्याची?

“आत्ता खेळ बघितलात ना?”

“बघितला हो, फारच छान! पण उंची?”

रोदिओननं थर्मासचं झाकण आपटलं आणि चालू लागला.

आता तुम्ही आमच्या गावाला हसाल. खुशाल हसा. पण प्रोखोरची उंची मी अजून एकदाही सांगितलेली नाही, आणि ती तुम्ही मघापासून शोधताय. सांगेन. आधी तुमच्या आजोबांचा ओव्हरकोट दाखवा.