केवलरामांनी पारखलेली रायफल

रविवारच्या गोंदिया पॅसेंजरनं आपण गावाला परत निघणार आणि आता कोणी आडवं येऊ नये, असं केवलरामबुवांनी जेवता जेवता जाहीर केलं, आणि शालिकरामच्या हातातला घास हातातच राहिला.

आई गेल्यानंतर मोठ्या मिनतवारीनं त्यानं वडिलांना आमगावकडच्या खेड्यातून भिलाईला आणलं होतं. शेत ठेक्यानं दिलेलं, घराला कुलूप. तिथं म्हातारा एकटा चुलीपुढं बसून भाकरी थापणार, हे चित्र डोळ्यांपुढं आलं की शालिकरामला जेवण गोड लागत नसे.

"बाबा, इथं का दुखते तुमाले?"

"दुखत काईच नाई, तेच तं दुखनं हाये. नळ सोडला का पानी, बटन दाबलं का उजेड. मी करू काय? गावात पाच कोसांवरून मानसं येत. 'केवलराम, बैल घेऊन राहिलो, पाहून सांग' म्हनत. इथं मले कोनी काईच इचारत नाई."

यात बढाई नव्हती. बैल पारखावा तर केवलरामनं, असं त्या मुलखात म्हणत. पण भिलाईत बैल कुठले? तिथं दिवसरात्र पोलादाच्या भट्ट्या धगधगत होत्या आणि कामगारांच्या नव्या सेक्टरांच्या विटा रचल्या जात होत्या. चुलीजवळून सिंधुताईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ, 'अवो, काहीतरी बोला' असा होता.

माणूस अडला की जिभेवर जे असेल ते बाहेर पडतं. शालिकरामच्या जिभेवर त्या दिवशी रायफल होती. चीनची लढाई होऊन वर्ष झालं नव्हतं. कारखान्यातल्या हौशी मंडळींनी रिसालीच्या पलीकडच्या माळावर रायफल क्लब काढला होता आणि आता विभागाविभागांमध्ये नेमबाजीची स्पर्धा लागली होती. दोनशे गजांवरचं निशाण. फोरमन भैयालालनं शालिकरामचं नाव परस्पर देऊन टाकलं होतं. "तू क्रेनवरून एवढ्या खाली आकडा बरोबर अडकवतं. तुहा नेम चुकनच कसा?" असला हिशेब फक्त फोरमनलाच जमतो.

"बाबा," शालिकराम म्हणाला, "मले रायफल निवडाची हाये. मले त्यातलं काईच समजत नाई. तुमीच पाहून द्या ना."

केवलरामबुवांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. कित्येक महिन्यांत न दिसलेलं तेज त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"कुठं बांधली हाये?" त्यांनी विचारलं.

रविवारची पॅसेंजर त्यांना न घेताच गेली. त्या वेळी बुवा धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून, रिसालीच्या माळावर उभे होते. क्लबाचे उस्ताद होते हवालदार देवीदास, फौजेतून निवृत्त झालेले, नागपूरकडचे. त्यांनी टेबलावर तीन रायफली मांडल्या आणि समजावून सांगितलं.

"हे पाहा काकाजी. कॅलिबर म्हनजे नळीच्या भोकाची जाडी. ही पॉइंट टू टू. बारीक गोळी, गरीब गाय. पन दोनशे गजांवर वारा तिले उडवून नेते. ही तीनशे पंधरा. मधली. धक्का सोसवते, गोळी बी सरळ जाते. अन् ही तीनशे पंचाहत्तर म्याग्नम. एका जमीनदारानं क्लबाले भेट देल्ली. वाघासाठीची हाये, निशानासाठीची नाई. शालिकरामनं मधली घ्यावी."

"तुमी बोलू नका," बुवा म्हणाले. "जनावर सोता सांगते."

मग त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. खाली बसून पाहिलं, मागून पाहिलं. तिन्हींच्या पाठीवरून हात फिरवला. बावीस त्यांनी एका हातानं उचलून लगेच ठेवली. "पोटात काई नाई हिच्या." तीनशे पंधराचा बोल्ट उघडून दात पाहावेत तसं आत डोकावले आणि म्हणाले, "बरी हाये. बरीच हाये नुसती." म्याग्नमपाशी मात्र त्यांचा पाय थबकला. दोन्ही हातांनी तिचं वजन घेतलं, दस्त्यावर थाप मारली, कान लावून तो आवाज ऐकला. नंतर खांद्यावरचा दुपट्टा आपल्या पंजावर टाकून त्यांनी तो हात हवालदारापुढं धरला. गुरांच्या बाजारात सौदा असाच, कापडाखाली बोटं दाबून होतो. देवीदास बिचारे गोंधळले आणि त्यांनी दुपट्ट्याखाली हात घालून शेकहँड केला.

"झालं," बुवा म्हणाले. "दूर जाचं तं मोठंच जनावर पाह्यजे. शालिक, हे आपलं."

शालिकरामनं हवालदाराकडं पाहिलं, हवालदारानं आभाळाकडं. बुवा मात्र लेकाकडं असे पाहत होते, की 'नाही' म्हणायला काळीज दगडाचं लागलं असतं.

पहिलाच बार उडाला तेव्हा शालिकराम मागच्या पोत्यांवर जाऊन बसला. गोळी कुठं गेली ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी उजवा खांदा वांग्याच्या रंगाचा झाला. बुवांनी त्यावर हळद आणि तेल चोळलं, सिंधुताईनं जुन्या गोधडीची उशी शिवून सदऱ्याच्या आतून लावून दिली. तिसऱ्या दिवसापासून बार उडायच्या आधीच शालिकरामचे डोळे आपोआप मिटू लागले. कामावर त्याला क्रेनचा दांडा डाव्या हातानं ओढावा लागे. आकडा हवेत झोके घेऊ लागला, तेव्हा भैयालालनं त्याला खाली उतरवून घेतलं.

"अबे, तू निशान मारून राहिला का निशान तुले मारून राहिलं? रायफल बदल."

"बाबानं निवडली हाये."

"मंग बाप बदल!" भैयालाल ओरडला आणि लगेच स्वतःच ओशाळला, कारण शालिकरामचे डोळे भरून आले होते.

"बदलली तं बाबा जातीन, दादा," शालिकराम म्हणाला. "रोज सकाळी मले इचारते, 'जनावर कसं हाये?' परवा शेजारच्याले सांगत होते, 'लेकानं मले इचारूनच घेतली.' अन् जिंकलो तं कायमचे राह्यतीन. इतकंच पाह्यजे मले."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. शेवटी भैयालाल आणि देवीदास या दोघांनी मिळून तोड काढली. बुवांनी म्याग्नमच्या नळीला पोळ्याच्या बैलासारखा लाल गोंडा बांधला होता. स्पर्धेच्या सकाळी तो गोंडा गुपचूप तीनशे पंधराला बांधायचा. म्हाताऱ्याला काय कळणार आहे, दोन्ही काळ्या, दोन्ही लांब.

स्पर्धेच्या दिवशी माळावर ही गर्दी. सिंधुताई डबा घेऊन आली होती. शालिकराम गोंडेवाली रायफल घेऊन आडवा पडला, तेवढ्यात बुवा तरातरा पुढं आले आणि पाठीवर हात फिरवावा तसा त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला.

"थांबा. हे आपलं जनावर नव्हे."

"आपलंच हाये काकाजी," देवीदास घाम पुसत म्हणाले. "गोंडा पाहा ना."

"गोंडा बदलला म्हनून बैल बदलत नाई, हवालदारसाहेब. चुकून इकडचं तिकडं झालं असन. शंभर जनावरांत मी माह्यं ओळखतो. आना, आमचं आना."

इलाज उरला नाही. म्याग्नम आली, गोंडा पुन्हा जागेवर गेला. शालिकरामनं कुलदेवतेला हाक मारली आणि डोळे मिटले. पहिली गोळी मातीत. दुसरीनं निशाणाच्या वरचा झेंडा फाडला. तिसरी आणि चौथी कुठं गेली ते त्या माळालाच ठाऊक. पाचवी मात्र थेट वर्तुळाच्या मधोमध बसली, फक्त ते वर्तुळ शेजारच्या रेल मिल विभागवाल्याचं होतं. त्याच्या निशाणावर सहा भोकं निघाली. भोकांची जाडी कोण मोजत बसणार, म्हणून पंचांनी त्यातली उत्तम पाच धरली आणि त्या जोरावर रेल मिल पहिली आली. शालिकराम शेवटचा.

परतताना शालिकराम सायकल हातात धरून चालत होता. बाजूला वडील, मागं सिंधुताई. चार माणसांत बापाची पारख खोटी पडली, आता हे इथं एक दिवस राहणार नाहीत, हे त्याला दिसतच होतं. शेवटी त्याला राहवेना.

"बाबा, चूक माही हाये. बार उडताना मी डोये मिटत होतो."

"पाह्यलं म्या." बुवा थांबले. "तुही कायची चूक? जनावर भल्लं उमदं हाये. पन जोड पाह्यली नाई म्या. जुवाच्या एका बाजूचंच पाह्यलं, दुसऱ्या बाजूले कोन हाये ते पाह्यलंच नाई. अशा बैलासंगं वासरू जुंपलं."

तिशी ओलांडलेल्या, क्रेन चालवणाऱ्या माणसाला बापानं वासरू म्हटलं. शालिकरामला त्याचं काहीच वाटलं नाही.

"मंग... जाता का आता?" त्यानं कसंबसं विचारलं.

"जातो कसा? तू जिंकला असता तं उद्याच्या गाडीनं गेलो असतो. माहं काम झालं असतं. सिंधूले तं दशम्या बी कराले लावल्या होत्या."

शालिकरामनं वळून बायकोकडं पाहिलं. सिंधुताईनं सासऱ्यापुढं मान खाली घातली. "मामाजीनं सांगू नको म्हटलं होतं," ती पुटपुटली. "मी तं सकायपासून देवाले म्हनत होती, यांची एक बी गोळी लागू नको देजो म्हनून."

"आता हे असं अर्ध्यावर टाकून जाऊ?" बुवा तावातावानं म्हणाले. "लोक म्हनतीन, केवलरामनं सोताच्या पोराची जोड बिघडवली अन् पळून गेला. जोड जमाले एक हंगाम लागते. पुढच्या साली तुले जिंकवतो, मंगच जातो."

त्या रात्री तिघांनी मिळून घरातच दशम्या खाल्ल्या. बुवांनी दोन जास्तच खाल्ल्या.

पुढं वर्षभर त्यांनी शालिकरामला तीनशे पंधरा बोअरच्या रायफलीवर असं काही घोटून घेतलं की विचारू नका. क्लबात त्यांच्यासाठी खुर्ची आली. नवा नेमबाज आला की देवीदास त्याला आधी बुवांपुढं उभा करू लागले. बुवा त्याचे खांदे दाबून, छाती ठोकून पाहत आणि मगच कोणती रायफल द्यायची ते सांगत. शालिकरामचा नेम तर इतका पक्का झाला, की स्पर्धा जवळ येऊ लागली तसतशी त्याची झोप उडाली.

स्पर्धेच्या सकाळी सिंधुताईनं डबा त्याच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "अवो, जरा सांभाळून माराजा. नाई तं जिंकून यान."

पहिल्या चार गोळ्या वर्तुळाच्या अगदी मधोमध बसल्या. पाचवी शालिकरामनं, दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून, मातीत घातली.