बाहेरून कडी

दाराला कडी बाहेरून लावायची, हा निर्णय जावईबापूंचा स्वतःचा. बायकोने विचारलंही होतं, "अहो, मध्येच काही लागलं तर?" पण जावईबापू पेटले होते.

पेटायला कारणही तसंच होतं. प्रोग्रॅम मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट मिळालं की ऑफिसातली सगळी मोठी प्रोजेक्टं एकत्र हाकायचं काम तुमच्याकडे, असा साहेबांनी शब्द दिला होता. परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस दिसलं की परीक्षा रद्द. मागच्या खेपेला ऐन रंगात आलेली परीक्षा सासूबाईंनी "माझा चष्मा पाहिलात का?" एवढं विचारून संपवली होती. (चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.)

म्हणून या वेळी बंदोबस्त कडक. मोबाइल खोलीबाहेर, कारण नियमच तसा. सासूबाईंना घेऊन बायको मावशीकडे. जाताना बाहेरून कडी. धोका आधी ओळखा आणि त्याची वाटच बंद करा, असं पुस्तकात लिहिलं होतं. जावईबापूंनी ती शब्दशः बंद केली.

आणि पेपर काय सोडवला म्हणता! प्रश्न दिसायचा अवकाश, उत्तर तयार. घशाला कोरड पडली की पाणी, पुन्हा प्रश्न, पुन्हा पाणी. शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : उत्तीर्ण!

जावईबापूंनी पलंगावर उडी मारली, आरशातल्या माणसाचं अभिनंदन केलं आणि बातमी सांगायला दाराकडे धावले. दार जागचं हललं नाही.

"अगं ए!"

घरात चिटपाखरू नव्हतं. आणि एवढं प्यायलेलं पाणी आता आपलं अस्तित्व जाणवून देऊ लागलं होतं.

उरला फक्त लॅपटॉप. जावईबापूंनी अख्ख्या ऑफिसला मेल टाकली. "मी पास झालो! कुणीतरी माझ्या बायकोला फोन करा, मी खोलीत अडकलोय."

धडाधड उत्तरं आली. "अभिनंदन!" "पार्टी कधी?" "वहिनींचंही अभिनंदन!" पहिल्या वाक्याच्या पुढे कुणी गेलंच नव्हतं.

पाय एकमेकांवर आवळत त्यांनी दुसरी मेल टाकली. "मला सोडवा!"

साहेबांचं उत्तर तत्काळ आलं. "आता कसला सोडतोय तुम्हाला? आता तर खरी जबाबदारी!"

शेवटी रिसेप्शनिस्ट बाईंनी दोन्ही मेल सलग वाचल्या आणि बायकोला फोन लावला.

कडी निघाली. "पास!" असं ओरडत जावईबापू बायकोच्या बाजूने जे सुटले, ते थेट बाथरूममध्ये.

बाहेर आले तेव्हा बायकोच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. "मला ठाऊक होतं हो, या वेळी होणारच!" ती म्हणाली. जावईबापूंची छाती फुगली. गडबड ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकूही खाली आल्या होत्या आणि सासूबाई त्यांना अभिमानाने सांगत होत्या, "आमचे जावई प्रोग्रॅम मॅनेजर झाले!"

"अगंबाई! मग आमच्या नातवाच्या वाढदिवसाला यांचाच प्रोग्रॅम ठेवू या की!"

जावईबापूंनी समजावून सांगायला तोंड उघडलं. पण सासूबाईंनी घाईघाईने काकूंचा हात धरला.

"ठेवा, पण गायला नका हं सांगू. मी बाथरूममधलं ऐकलंय. खुर्च्या मात्र छान मांडतील."