उपासाला न चालणारे शब्द

हॅम्बर्गच्या आमच्या मराठी मंडळाने एका उपोषणाला जाहीर पाठिंबा द्यायचं ठरवलं, तेही एकमताने. मी मंडळाचा चिटणीस, म्हणून ही हकिकत सांगणं माझ्या गळ्यात पडलं.

आमच्या इमारतीत मेहरनाझबाई राहतात. त्यांचा नवरा इराणमधला पत्रकार, धर्मशास्त्राचा गाढा अभ्यासक. देवाला पोलिसांची गरज नसते, असं त्याने लिहिलं आणि तो तुरुंगात गेला. आता तिथे त्याने अन्न सोडलं होतं. बाईंचं मागणं साधं होतं: त्याचं नाव व्यासपीठावरून मोठ्याने घ्या. बाहेर नाव गाजत राहिलं, तर आत त्याच्या जिवाला हात लावायला तुरुंगवाले कचरतात.

आम्हाला अगदी भरून आलं. एक दिवसाचं लाक्षणिक उपोषण ठरलं. उपोषण म्हटल्यावर उपास आला, आणि उपास म्हटल्यावर शैलावहिनींनी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस अंगावर घेतला. खिचडीत कोथिंबीर चालते का, यावर मात्र मंडळात उभी फूट पडली.

तेवढ्यात अध्यक्ष जयंतरावांना शंका आली. त्यांचा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज अडकलेला. ‘आल्झो, आपलं फेराइन म्हणजे सांस्कृतिक मंडळ आहे,’ असं अर्ध्या जर्मनमध्ये म्हणत त्यांनी कार्यक्रमाच्या फलकावरून ‘सरकार’ काढलं. ‘तुरुंग’ लहान मुलांसमोर बरा दिसेना. ‘इराण’ वाचून ऑफिसात कोणी काही विचारलं तर? ‘धर्म’ तर आमच्या आमच्यातच भांडणं लावतो. शेवटी नावही गेलं. उच्चार चुकला तर त्या माणसाचाच अपमान, नाही का? फलकावर उरलं: ‘भव्य सामूहिक उपास. सहकुटुंब यावे.’

सगळे सहकुटुंब आले. खिचडी संपली, पुन्हा केली. मेहरनाझबाई ताटाला हात न लावता बसून होत्या. नाव कधी घेणार, असं त्यांनी विचारलं, तेव्हा जयंतरावांनी आमची अडचण गोड शब्दांत समजावली.

“तुम्हाला कोणी मनाई केली?” बाईंनी विचारलं.

“छे, छे. कोणीच नाही. आम्हीच आपली काळजी घेतो.”

“मग आमच्याकडे उगीच इतके पहारेकरी पोसतात,” बाई म्हणाल्या, आणि कोट चढवून निघून गेल्या.

ही हकिकत मी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. अंगठे आले, रडके चेहरे आले, ‘सुन्न झालो’ असंही कोणी लिहिलं. त्या माणसाचं नाव काय, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा इथपर्यंत वाचत आलात; विचारलंत?