महादेवरावांचा पट्टा

संध्याकाळी घरी निघताना महादेवराव माणसांचा निरोप घेत नसत. निरोप घेत ते पट्ट्याचा.

कळमेश्वर रस्त्यावर आमची गवताची वखार होती. पावसाळा सरला की गाड्या भरभरून गवत यायचं आणि मशीन ते दाबून त्याचे गठ्ठे बांधायचं. इंजिनाच्या चाकावरून मशीनच्या चाकावर एक रुंद चामडी पट्टा फिरे. मशीन मालकाचं, पट्टा मात्र ते चालवणाऱ्या महादेवरावांचाच म्हणायचा. मी तिथला कारकून, त्यामुळे त्याचं कौतुक मला रोज ऐकावं लागे.

काम थांबलं की ते पट्टा उतरवत, फडक्यानं पुसत आणि एरंडेल चोळत. "दिवसभर ताणला गा त्याले, रात्री तरी सैल सोडा!" मग त्यावर एक थाप. "चाल, झोप आता." अंगाला एरंडेलाचा असा वास यायचा, की एसटीत त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे.

"पट्टा म्हंजे जावई हो बाबूजी," ते मला सांगत. "ताणला तं तुटते, सैल सोडला तं घसरते, अन् कोरडा ठेवला तं कुरकुरते."

नरखेडला त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. पंगत बसली, पानात जिलबी पडली आणि शेजारच्या पिठाच्या चक्कीतून पट्ट्याची फटफट ऐकू आली. महादेवराव भरल्या पानावरून उठले. मांडवात एकच बोंब उठली, नवरदेवाचे काका रुसले! मुलीचे वडील टोपी हातात घेऊन मागे धावले, तर काका चक्कीत पट्ट्याचा जोड उसवत बसलेले.

"काही चुकलं का जी आमचं?" व्याह्यांनी हात जोडले.

"तुमचं नाही, या चक्कीवाल्याचं चुकलं. जोडच वाकडा शिवला यानं. जरा दाभण धरा."

व्याह्यांनी धरलं. करतात काय बिचारे! आहेराच्या धोतराला काळं तेल लावून दोघं पंगतीत परतले.

पुढे मालकानं नवा रबरी पट्टा आणला आणि जुना भंगारात काढला. महादेवरावांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. "भंगारवाला चपला कापते याच्या," एवढंच म्हणत राहिले. शेवटी मालकापुढं जाऊन उभे राहिले. आजवर त्यांनी कधी आगाऊ पगारही मागितला नव्हता.

"मालक, मले द्या तो."

"घेऊन जा, उशाले घे," मालक म्हणाले आणि सारी वखार हसली.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. बायको खाटेवर होती. वर्षापासून तिची एक बाजू लकव्यानं गेली होती आणि या माणसानं वखारीत त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. खाटेवरच्या आडव्या वाशाला तो पट्टा टांगला होता.

"आंधी उठाले दोर होता, त्यानं हात सोलून निघे," ती म्हणाली. "हा लोण्यावानी मऊ हाय."

धड हातानं तिनं पट्टा धरला. महादेवराव पाठीशी हात लावून उभे राहिले. "आस्ते वं. एकदम ताण नको घेऊ." ती उठून बसली आणि मला दाखवायला पुन्हा एकदा उठून बसली.

"लेक ना लेकरू आमाले," ती हसत म्हणाली, "पण यांचा जावई कामी आला पहा, बाबूजी."

महादेवराव एरंडेलाची बाटली आणायला आत गेले. बाटली खाटेखालीच होती. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.