काळमेघकाकांची कललेली गाडी

आमच्या शेजारचे काळमेघकाका चहा पिण्याआधी चहाकडे बघत बसतात. कप टेबलावर ठेवला की मान खाली घालून, एक डोळा मिटून, चहाची रेघ कपाच्या काठाशी जुळते का ते पाहतात. नाही जुळली की टेबलाच्या पायाखाली पेपरची घडी सारतात. तोवर चहा निवून जातो आणि मग, "चहा थंडाच रायते गा तुमच्याकडचा," हेही आपणच ऐकून घ्यायचं.

काकांचा सारा जन्म पाटबंधारे खात्यात कालव्यांचे उतार काढण्यात गेला. नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत त्यांचा हात न लागलेला एकही फोटो भिंतीवर नाही. माझ्या लग्नाचा फोटो तर त्यांनी इतक्या वेळा सरळ केला, की शेवटी खिळाच उपटून आला. आणि अशा माणसानं निवृत्तीनंतर हौसेनं घेतली काय, तर एक जुनी, लाल, दोन सीटांची परदेशी स्पोर्ट्स कार. तीही उजवीकडे कललेली.

गाडी एवढी बुटकी, की शेजारून स्कूटी गेली तरी आतल्यांना मान वर करावी लागते. दर रविवारी काका-काकी तिच्यातून सीताबर्डीच्या बाजारात जायचे. घ्यायचं काही नसे, काकींना आपलं व्हरायटी चौकातून मिरवत जायला आवडायचं. मग काकींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि रविवार बंद पडले. "हिचे पाय बरे झाले का पयल्या रविवारी बर्डी," असं काका भेटेल त्याला सांगत. तोवर गाडी सरळ करून ठेवायची, हे त्यांनी मनावर घेतलं.

आधी चारही चाकांत हवा सारखी केली. मग जमिनीपासून मडगार्डपर्यंत चारी कोपऱ्यांची मापं घेतली. माणूस बसल्यावर गाडी किती दबते तेही पाहायला हवं, पण काका आत बसले तर टेप कोण धरणार? मी पुढे झालो, तर म्हणाले, "तुहा हात हालते." मग स्वतःच्या वजनाइतकी तांदळाची पोती चालकाच्या सीटवर ठेवून त्यांना पट्टा बांधला. आमचा चौकीदार नवा होता. त्यानं येता-जाता त्या पोत्यांना दोनदा सलाम ठोकला.

या गाडीत प्रत्येक स्प्रिंगखाली आटे पाडलेली एक कडी आहे. ती फिरवली की तेवढा कोपरा वर-खाली होतो. पण काका एक कोपरा सुधारत, तर तिरप्या बाजूचा समोरचा बिघडे, खाटेच्या एका पायाखाली वीट सरकवल्यावर होतं तसं. गाडी जॅकवर घ्यायची, कडी फिरवायची, खाली उतरवायची, स्प्रिंग जागेवर बसावी म्हणून बॉनेट दाबून गाडी डोलवायची आणि पुन्हा टेप लावायची. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून काकांनी नागपूरचा अख्खा उन्हाळा यात घालवला. सोबतीला मी होतो, कारण मला नाही म्हणता येत नाही.

एका सकाळी काका गाडी धूत होते आणि काकी गॅलरीतून बघत होत्या.

"अहो, ते पाणी कुठं जाऊन राहिलं, पाहा ना जरा."

पाणी सरळ उजवीकडच्या नालीकडे चाललं होतं. पाणी वाहून जावं म्हणून बिल्डरनं पार्किंगच्या फरशीला उतार दिलेला. कालव्यांचे उतार काढण्यात जन्म घालवलेल्या माणसानं गाडी उतारावर उभी करून मोजली होती. त्या दिवशी काका कुणाकडे चहालाही आले नाहीत.

मग हुडकेश्वरला त्यांच्या मित्राचं मंगल कार्यालय गाठलं. गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी लावून काकांनी तिथल्या हॉलची फरशी तपासली, पास केली आणि गाडी थेट आत घेतली. मॅनेजरनं घाबरून विचारलं, लग्न कुणाचं आहे? "गाडीचं समज," काका म्हणाले.

निदान झालं. थोडा दोष फरशीचा होता, थोडा गाडीचा. उजवीकडच्या स्प्रिंगा दबल्या होत्या आणि उन्हाळ्यात कशाबशा फिरलेल्या त्यांच्या कड्या आता गंजून पार जाम झाल्या होत्या. तेल झालं, हातोडा झाला, शिव्याही देऊन झाल्या. नव्या स्प्रिंगा नागपुरात मिळेनात. उजवी बाजू वर येत नाही म्हटल्यावर डावी खाली घेणं एवढंच हाती उरलं. घेतली. चारी कोपरे जुळले. काकांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि मी पाहतोय म्हटल्यावर म्हणाले, "घाम हाये."

रविवारी काकी नवी साडी नेसून, काठी टेकत खाली आल्या. काकांनी डावीकडचं दार उघडलं. काकी पाठमोऱ्या झाल्या, दार धरून वाकल्या आणि अर्ध्यातच अडकल्या. डावी बाजू खाली घेतल्यानं त्यांची सीट आणखीच खोल गेली होती. पुन्हा एकदा वाकून पाहिलं. मग हसत म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. मी थांबते घरी."

काका कुठंच गेले नाहीत. मला त्या सरळ गाडीचा मनापासून राग आला.

पुढच्या रविवारी खाली उतरलो, तर गाडी डावीकडून भलतीच वर उचललेली. आटे संपेपर्यंत काकांनी डाव्या कड्या फिरवल्या होत्या.

"काका, गाडी पार वाकडी झाली."

"झाली."

"मग सरळ नाही करायची?"

"काहून? तिले बसता येते आता."

काकी आल्या. पाठमोऱ्या होऊन अलगद सीटवर टेकल्या आणि एकेक पाय आत घेतला. दार लावायला काका वाकले. "दुखून तं नाही राहिलं वं?"

"नाही. पण अहो, गाडी तिरपी वाटून राहिली मले."

"गाडी सरळ हाये," काका म्हणाले. "इथली जमीन तशी हाये."

जन्मात पहिल्यांदा ते उताराबद्दल खोटं बोलले असावेत. मी चौकीदाराकडे पाहू लागलो.

काका आत बसले तशी गाडी उजवीकडे आणखी दबली आणि काकी पर्ससकट घसरत त्यांच्या खांद्याला जाऊन टेकल्या. त्या सावरून बसायला लागल्या.

"राहू दे ना वं," काका म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.