अंबूबाईंची भाकरी आणि आठवीची सरासरी

भाकरी पुरती गोल कधीच नसते. विस्तवाजवळची कड जराशी आत ओढली जाते. म्हणून ती आडवी-उभी, दोनदा मापावी लागते. गणित शिकवणाऱ्या जनकाबाईंनी हे घरच्या तव्यावर पडताळून पाहिलं होतं आणि त्यावरच शनिवारचा बेत रचला होता. वडनेरच्या शाळेतल्या आठवीच्या अकरा मुलींनी घरून एकेक भाकरी आणायची, फूटपट्टीनं मापायची आणि सरासरी काढायची. पाहायला येणार होते शाळा समितीचे अध्यक्ष नारायणराव.

नवं मराठी राज्य होऊन दोन वर्षं झाली, पण नववीत मुलींना गणित द्यायचं की शिवणकाम, याचा निर्णय नारायणरावांच्या तोंडून निघत नव्हता. विचारलं की म्हणत, "पाहू." भाकऱ्या पाहून तर हा माणूस विरघळणारच, अशी बाईंची खात्री होती!

दिवस कापूस वेचणीचे. बाकीच्या आयांनी घाईत रोजचीच भाकरी दिली. अध्यक्षीणबाई अंबूबाईंना मात्र वाटलं, ही सुगरणींची परीक्षा आहे. त्यांनी लग्नातली कढई चुलीवर पालथी घातली आणि घरातलं होतं नव्हतं तेवढं पीठ एकाच भाकरीत थापलं. त्यांची लेक कौशल्या आणि तिची मैत्रीण ती भाकरी धोतराच्या झोळीत घालून जखमी माणसासारखी घेऊन आल्या. मागून नारायणराव आले, उपाशीपोटी.

सरासरी निघाली. तेवढी भाकरी वर्गात एकीचीही नव्हती. दहाजणींच्या तिच्याहून लहान, कौशल्याची कितीतरी मोठी.

लेकीची विसरलेली भाकरी मापायच्या आधी आणून दिलेली बनाबाई अजून दारातच उभी होती. "म्हंजे आमच्या साऱ्याइच्या भाकरी कमी भरल्या? एका अंबूबाईच्या पायी?"

"घ्या," नारायणराव म्हणाले. "हेच काय बाई तुमचं गणित? गावात भांडनं लावून राह्यल्या तुम्ही."

जनकाबाई फळ्याकडे वळल्या. तेवढ्यात कौशल्या उठली. तिनं लहानापासून मोठ्यापर्यंत भाकऱ्या ओळीनं मांडल्या आणि मधलीवर बोट ठेवलं.

"आबा, हे पाहा मधली भाकर. इकडं पाच, तिकडं पाच. आईची कितीबी मोठी करा, हे हालत नाही."

"काऊन हालत नाही?" नारायणरावांनी बायकोच्या भाकरीचा मोठा तुकडा तोडून तोंडात घातला. "आता?"

"तेच मधली."

दुसरा तुकडा गेला. "आता?"

"तेच."

मग ते चहूबाजूंनी तोडतच सुटले. दर घासाला मुली फूटपट्टी लावत, मान हलवत. बनाबाईनं कमरेच्या पुरचुंडीतून ठेचाही काढून दिला. शेवटी कौशल्यानं बापाचा हात धरला.

"बस करा आबा. आईची आता मधलीएवढीच उरली. आणखी खाल्ली, तर मधली बदलन."

नारायणराव थांबले. आधी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, मग ओळीकडे, मग लेकीकडे. हातातला तुकडा त्यांनी परत जागेवर ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "जूनपासून नववीच्या पोरीइले गणित शिकवा."